मारझोडीच्या घरात लहानपण गेलेल्यांसाठी: सावरायचं कसं, कोणत्या क्रमाने

लहानपणी घरात मार, शिव्या, दारूचा धिंगाणा, सततचा अपमान किंवा लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं मोठेपणी यातून बाहेर पडायचं ठरवतात, तेव्हा बहुतेकांची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. कुणी थेट आईवडिलांना जाब विचारायला जातं. कुणी एका बैठकीत सगळ्या आठवणी उकरून काढतं. कुणी ‘माफ करून टाक, मोकळी होशील’ हा सल्ला मानून माफी जाहीर करून टाकतं आणि आतून आणखी पेटत राहतं. मग माणूस पुन्हा कोलमडतो आणि ‘आपलं काही होणार नाही’ असं मनात पक्कं बसतं. प्रत्यक्षात चुकलेला असतो तो क्रम. आधी आजची सुरक्षितता, मग शरीर शांत करायची सवय, मग जाणकाराची मदत, त्यानंतर आठवणी आणि सगळ्यात शेवटी नातेवाईक. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

वाचताना जीव नकोसा झाला असेल, तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा २४ तास, मोफत आणि मराठीतही आहे. कुणी अंगावर धावून येत असेल तर ११२. स्त्रियांसाठी १८१. तुमच्या माहितीतलं एखादं मूल आज त्रासात असेल तर १०९८.

जे घडलं त्याला काय म्हणायचं

‘आमच्या वेळी सगळ्यांनाच मार बसायचा’ या वाक्याखाली खूप काही दडपलं जातं. शिस्त आणि छळ यांतला फरक ओळखायला काही साधे प्रश्न पुरतात. मार किती बसेल हे चूक किती मोठी यावर ठरायचं, की मारणाऱ्याच्या मनःस्थितीवर? कशाला मार बसेल हे आधी कळायचं का? मारून झाल्यावर कुणी जवळ घेऊन समजावायचं, की दोन-दोन दिवस अबोला असायचा? बाहेर सांगायची बंदी होती का? अशा घरातलं मूल वडिलांच्या गाडीच्या आवाजावरून, चपला ठेवल्या की भिरकावल्या यावरून, गेटची कडी कशी वाजली यावरून त्या संध्याकाळचा अंदाज बांधत असतं. सातव्या-आठव्या वर्षीच ही विद्या आत्मसात झाली असेल, तर त्या घरात धाक नव्हता, दहशत होती.

छळ नुसत्या हाताने होत नाही. चारचौघांत उतरवून बोलणं, ‘तू झालीस आणि घराला पनवती लागली’ असं ऐकवणं, आईला मारताना मुलांना बघायला लावणं, जेवण बंद करणं, कोंडून ठेवणं हा छळच. ओळखायला सगळ्यात कठीण असते ती आबाळ, कारण तिच्यात आठवायला काही ‘घडलेलं’ नसतं. ताप आला तेव्हा कुणी विचारलं नाही, शाळेत रडू आलं ते कुणाला कळलं नाही, असं बरंच ‘न घडलेलं’ त्यात असतं. आणखी एक प्रकार कौतुकाच्या आड लपतो. दहा वर्षांची मुलगी आईची मैत्रीण, भावंडांची आई आणि भांडणातली मध्यस्थ होते आणि नातेवाईक ‘किती समजूतदार पोर’ म्हणतात. त्या समजूतदारपणाची किंमत ती चाळिशीत मोजत असते.

हे फक्त गरिबाघरचं किंवा दारुड्यांच्या वस्तीतलं दुखणं आहे, हा समज खोटा आहे. अमेरिकेत सॅन डिएगो इथे कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. १९९८ साली त्याचे पहिले निष्कर्ष छापून आले. विमा असलेली, बहुतांशी शिकलेली मध्यमवर्गीय माणसं होती ती. चार किंवा अधिक प्रकारचे वाईट अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांच्या ४ ते १२ पट आढळला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सांगितली, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. इंटरनेटवर अशा अनुभवांची प्रश्नावली सापडते. ती लोकसंख्येच्या अभ्यासासाठी केलेली आहे, एकट्या माणसाचं भविष्य त्या आकड्यावरून ठरत नाही. ती भरून घाबरून जाऊ नका.

शरीरात नेमकं काय राहून गेलेलं असतं

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा छोटा भाग घंटा वाजवतो, अड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, हृदय धडधडतं, पोट आवळतं. विचार करणारा पुढचा मेंदू तेवढ्यापुरता मागे पडतो. संकट टळलं की हे सगळं खाली यायला हवं. ज्या मुलाचं संकट रोज त्याच घरात, त्याच ताटावर बसलेलं असतं, त्याची यंत्रणा खाली यायला शिकतच नाही. म्हणून तीस वर्षांनंतरही कपाटाचं दार आपटलं की हात गार पडतात. माणूस भित्रा नसतो, त्याच्या शरीराने एकेकाळी बरोबर शिकलेला धडा अजून सुटलेला नसतो.

प्रतिक्रिया चार तऱ्हेच्या दिसतात: उलटून अंगावर जाणं, पळ काढणं, थिजून जाणं आणि समोरच्याची मर्जी राखणं. चौथी आपल्याकडे संस्कार म्हणून खपते. कुणी रागावण्याआधीच ‘सॉरी’ म्हणणं, प्रत्येकाच्या चहाची साखर लक्षात ठेवणं आणि स्वतःला काय हवं हे विचारल्यावर डोकं रिकामं होणं, ही तिची लक्षणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ हे स्वतंत्र निदान आहे. पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार. प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा जाणवणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं आणि सतत सावध राहणं ही पीटीएसडीची तीन लक्षणं तर त्यात असतातच. शिवाय भावना आवरता न येणं, ‘मी कुचकामी आहे’ ही खोल समजूत आणि नाती टिकवण्यातली अडचण असं तीन गोष्टींचं ओझं असतं. जुन्या पठडीत याला नैराश्य किंवा ‘स्वभावच तापट’ म्हणून सोडून दिलं जायचं. डॉक्टरांकडे हे नाव घेऊन विचारायला संकोच करू नका.

पहिली पायरी: आज तुम्ही सुरक्षित आहात का?

छळ करणारा माणूस अजून त्याच घरात असेल आणि हात उचलत असेल, तर बाकीच्या कुठल्याही उपचाराचा पाया धरत नाही. शरीर सावध आहे ते बरोबरच आहे. तेव्हा पहिलं काम व्यवहाराचं. आधार, पॅन, जन्मदाखला, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं, बँकेचं पासबुक यांच्या प्रती घराबाहेर एका विश्वासू माणसाकडे आणि स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा. वडिलांबरोबरच्या संयुक्त खात्यात पगार जात असेल तर आधी वेगळं खातं उघडा, आणि त्या खात्याला फक्त तुमचाच मोबाईल क्रमांक जोडा. जुन्या क्रमांकावर मेसेज जातात आणि बेत तिथेच फुटतो. रात्री-अपरात्री जाता येईल अशी दोन घरं ठरवून ठेवा. एकच असेल तर ते नेमकं त्या दिवशी कुलूपबंद असतं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध चालतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे. मुलगी, बहीण, आई अशा एका घरात नात्याने राहणाऱ्या किंवा राहिलेल्या कुठल्याही स्त्रीला तो वडील, भाऊ, काका यांच्याविरुद्ध वापरता येतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रौढ पुरुष’ ही अट काढल्यामुळे छळ करणाऱ्या बाईविरुद्धही तो लागू आहे. तालुक्या-जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घटना अहवाल भरून घ्यायचा, त्यावरून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्च, भरपाई असे आदेश एकाच अर्जात मागता येतात. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात लिहा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, चौकशीचा क्रमांक १५१००. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र हे रुग्णालयातच समुपदेशन आणि कायद्याची मदत देण्याचं आपल्याकडचं जुनं आणि चांगलं उदाहरण आहे. पुरुषांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मारहाण झाली तर पोलिसांत तक्रार आणि सरकारी रुग्णालयातली नोंद हाच आधार, म्हणून जखमेची नोंद त्याच दिवशी करून घ्या.

दुसरी पायरी: शरीराला खाली आणायला शिकवणं

ही पायरी सगळ्यांना क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात. आठवणींना हात घालण्याआधी निदान दोन-तीन महिने फक्त हे करा.

श्वास: नाकाने चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, मन शांत असतानाच. लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग उतरतो, हे त्यामागचं कारण. इथे दोन चुका होतात. पहिली, घाबरल्यावरच करून बघणं. सराव नसलेली गोष्ट त्या क्षणी हाताशी येत नाही. दुसरी, छाती फुगवून मोठमोठे श्वास घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती दुप्पट होते. श्वास लहानच ठेवा, सोडायचा तेवढा लांबवा. डोळे मिटले की भीती वाटत असेल तर उघडे ठेवून करा. श्वासाकडे लक्ष जाताच गुदमरल्यासारखं होत असेल तर श्वास सोडून द्या आणि तळपाय जमिनीवर दाबण्यापासून सुरुवात करा.

फ्लॅशबॅक आला, म्हणजे जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं अंगात भरलं, की मोठ्याने बोला: ‘आज मंगळवार. मी पनवेलच्या घरात आहे. माझं वय ३४. दाराची कडी माझ्या हातात आहे.’ तारीख, जागा, वय आणि आज हाती असलेली ताकद, या चारही गोष्टी वाक्यांत यायला हव्यात. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. उलट काहीजण घाबरत नाहीत, तर बधिर होतात. समोरचा बोलतोय ते लांबून ऐकू येतं, हातपाय आपले वाटत नाहीत. त्यांना श्वासापेक्षा तीव्र संवेदना उपयोगी पडते: गार फरशीवर अनवाणी उभं राहणं, आल्याचा तुकडा चावणं, चेहऱ्यावर गार पाण्याचे हबके. हृदयाचा आजार असेल तर अगदी गार पाण्यात तोंड बुडवू नका.

वाईट स्वप्नांसाठी एक तपासलेली रीत आहे. दिवसा, उजेडात, स्वप्न थोडक्यात लिहा आणि त्याचा शेवट मनाला येईल तसा बदला. दार उघडतं, शेजारच्या काकू आत येतात, तुम्ही त्यांच्यासोबत निघून जाता. बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं मनात चालवा. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करू नका, मध्यम स्वप्न घ्या.

महाराष्ट्रात ‘विपश्यनेला जाऊन ये’ हा सल्ला हमखास मिळतो. इगतपुरीसारख्या केंद्रांत दहा दिवस मौन, डोळे मिटून रोज दहाच्या आसपास तास बसणं असतं. अनेकांना त्याचा फायदा होतो. पण आघाताच्या आठवणी ताज्या असलेल्या माणसाला तेवढा काळ स्वतःच्या शरीरासोबत एकटं ठेवलं की फ्लॅशबॅकचा पूर येऊ शकतो, आणि तिथे बोलायला उपचारतज्ज्ञ नसतो. आमचं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी नको. प्रवेशअर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा.

दारू आणि झोपेच्या गोळ्या या दोन पळवाटा इथेच सांगायला हव्यात. दारूने झोप लागते, पण पहाटे तुटते आणि स्वप्नं वाढतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तासाभरात बरं वाटतं. पण पीटीएसडी त्याने बरा होत नाही, सवय मात्र लागते. जुन्या चिठ्ठीवर त्या आणत राहू नका, आणि आधीपासून घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. व्यसन जडलं असेल तर ते आधी. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. आणि पिणारे वडील असतील तर त्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा आहेत, वडील प्यायचे थांबले नाहीत तरी तिथे जाता येतं.

वही

याच काळात एक वही सुरू करा. आडव्या पानावर पाच रकाने: काय घडलं, अंगात काय झालं, तीव्रता दहापैकी किती, त्या क्षणी स्वतःचं वय किती वाटलं, मग काय केलं. एक नमुना: ‘साहेब म्हणाले, जरा केबिनमध्ये या. पोटात गोळा, तळहात ओले. आठ. नऊ वर्षांची. जिना उतरून पाणी प्यायले, पाय दाबले, पाचवर आलं, मग आत गेले.’ चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वय लिहिल्याबरोबर कळतं की घाबरलं ते प्रगतिपुस्तक घेऊन उभं असलेलं मूल, आणि केबिनमध्ये जायचंय ते नोकरी करणाऱ्या बाईला. महिनाभराच्या नोंदींतून तुमचे ट्रिगर, म्हणजे जुनी भीती जागी करणाऱ्या गोष्टी, चार-पाचच आहेत हे दिसायला लागतं. वही घरच्यांच्या हाती पडायची भीती असेल तर मोबाईलमध्ये पासवर्डखाली ठेवा. भीतीपोटी अर्धवट खरं लिहिलेली वही काही कामाची नाही.

तिसरी पायरी: माणूस निवडणं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. ते एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात आणि औषधं देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आपल्याकडे तीन महिन्यांचा कोर्स केलेलाही लावतो, म्हणून शिक्षण विचारणं हा आगाऊपणा ठरत नाही.

पहिल्या भेटीत हे विचारा. लहानपणच्या आघातांवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? तिचं प्रशिक्षण कुठे घेतलं? सत्रात मी फार अस्वस्थ झालो तर काय करता? माझ्या बोलण्यातलं काय गोपनीय राहील आणि काय कळवणं तुम्हाला कायद्याने भाग आहे? ‘आघातावर केंद्रित सीबीटी’ (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा उपचार) किंवा ‘ईएमडीआर’ (डोळ्यांच्या हालचाली करवत आठवणींवर काम करणारा उपचार) ही नावं ऐकू आली तर चांगलं, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी केलेली आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार रुजवला आणि इथले बरेच समुपदेशक त्या वळणाचे आहेत. ‘मी वाईट म्हणून मार बसला’ ही समजूत तपासायला ती पद्धत फार उपयोगाची. पण अंग थरथरत असताना विचारांशी युक्तिवाद चालत नाही. आधी शरीर, मग विचार, हा क्रम तुमच्या उपचारकाला मान्य आहे का ते बघा.

काही वाक्यं ऐकली की उठावं. ‘शेवटी आईवडील आहेत ते.’ ‘इतकी वर्षं झाली, आता काय त्याचं?’ ‘पुढच्या वेळी वडिलांना घेऊन या, समोरासमोर मिटवू.’ छळ करणाऱ्याला त्याच खोलीत बसवून केलेलं समुपदेशन धोक्याचं असतं, कारण तिथे बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. पहिल्याच सत्रात सगळं तपशीलवार वदवून घेणारा, आणि संमोहनाने ‘दडलेल्या आठवणी’ काढून देतो म्हणणारा, हे दोघेही टाळा. सूचनेतून खोट्या आठवणी तयार होऊ शकतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

एखाद्याच घटनेच्या आघाताला बहुधा ८ ते १२ सत्रं पुरतात. वर्षानुवर्षांच्या छळाला तेवढ्यात उतार पडत नाही, वर्षभराची तयारी ठेवा. खासगीत खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांची ओपीडी हे मार्ग आहेत. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठीतून काम करते. परदेशात असाल तर मराठी बोलणारा उपचारक फोन-व्हिडिओवर शोधणं योग्यच, कारण शिवी ज्या भाषेत खाल्ली त्याच भाषेत ती सांगता येते. मात्र तुमच्या राहत्या देशातला आपत्कालीन क्रमांक त्याच्याकडे असू द्या.

औषध दिलं तर ते बहुधा सर्ट्रालिनच्या जातीचं, म्हणजे नैराश्यावरही देतात त्यातलं असेल. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी वाढू शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. सोडायचं झालं तरी विचारूनच. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो. नवऱ्याने किंवा आईने विचारलं तरी डॉक्टरांनी तुमच्या संमतीशिवाय ती सांगायची नसते.

चौथी पायरी: आठवणी

फ्लॅशबॅक आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत स्वतःला सावरता येऊ लागलं, झोप बऱ्यापैकी लागू लागली, की मग हे काम. ते उपचारकासोबतच करा. आधी आयुष्याची एक आडवी रेघ काढा: कोणत्या साली कुठे राहत होतात, कितवीत होतात, घरात कोण होतं. रेघेवर चांगलंही लिहा. आजोळची सुट्टी, एखाद्या बाईंनी घेतलेली बाजू, ज्या शेजाऱ्यांकडे पोळी मिळायची ते. ही माणसं आठवली की ‘कुणालाच मी आवडत नव्हतो’ या समजुतीला पहिली भेग पडते. मग मध्यम तीव्रतेचा एकच प्रसंग निवडायचा. एका सत्रात एकच. सत्रानंतरचा तासभर मोकळा ठेवा. थेट मीटिंगला किंवा लोकलच्या गर्दीत जाऊ नका.

आठवणी तुकड्यातुकड्यांत असतात, तारखा जुळत नाहीत, म्हणून ‘मी खोटं तर बोलत नाही ना’ ही शंका जवळजवळ प्रत्येकाला येते. भीतीच्या क्षणी मेंदू वास, आवाज, चेहरा असे तुकडे ठळक साठवतो, त्यांचा क्रम नीट साठवत नाही. रिकाम्या जागा भरून काढायची काही गरज नाही. जेवढं आठवतं तेवढ्यावर काम होतं.

या टप्प्यात रागापेक्षा दुःख मोठं निघतं. न मिळालेल्या बापाचं, वाया गेलेल्या दहावीचं, आईने न घेतलेल्या बाजूचं सुतक असतं ते. महिनोन्‌महिने रडू येणं हा या टप्प्याचाच भाग आहे. मात्र खाणं-झोप पुन्हा तुटली किंवा मरणाचे विचार आले, तर आठवणींचं काम थांबवून दुसऱ्या पायरीवर परत या. मागे येण्यात काही बिघडत नाही.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर

शरीराने प्रतिसाद दिला, किंवा तो काका एरवी लाड करायचा, म्हणून स्वतःला दोषी धरणारे खूप जण असतात. शरीराचा प्रतिसाद संमती नसतो, आणि मुलाची संमती ही गोष्ट कायद्यातही अस्तित्वात नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू आहे. तो मुलगे आणि मुली दोघांनाही आहे, आणि मोठेपणी तक्रार करायला त्यात मुदतीचं बंधन नाही. त्याआधीच्या घटनांना त्यावेळचा भारतीय दंड संहितेचा कायदा लागतो, म्हणून पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाला सालं सांगा. तक्रार करावीच असं तुमच्यावर कुणी लादू शकत नाही. पण त्याच माणसाच्या सहवासात आज एखादं मूल असेल आणि त्याच्यावर अत्याचार होतोय हे तुम्हाला कळलं, तर ते पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

पाचवी पायरी: घरच्यांशी कसं वागायचं

जाब विचारायचा असेल तर आधी कागदावर लिहा: मला यातून नेमकं काय हवंय? ‘त्यांनी कबूल करावं’ हे उत्तर असेल तर थांबा. बहुतेक घरांत उत्तर येतं ते ‘आम्ही असं कधी केलंच नाही’ किंवा ‘तुझ्या भल्यासाठीच केलं’, आणि ऐकणारा पुन्हा नऊ वर्षांचा होतो. ‘मला ते एकदा मोठ्याने म्हणायचंय’ एवढंच हवं असेल तर समोरून काहीही आलं तरी ते साधतं. न पाठवलेलं पत्र उपचारकासमोर वाचूनही साधतं. न मारणाऱ्या आईवरचा राग कधीकधी मारणाऱ्या बापावरच्या रागापेक्षा मोठा असतो. तीही मार खात होती हे खरं, आणि तिने तुम्हाला वाचवलं नाही हेही खरं. दोन्ही एकत्र धरायला वेळ लागतो, घाई करू नका.

मर्यादा घालायची म्हणजे स्वतः काय करणार ते सांगायचं. ‘तुम्ही ओरडू नका’ ही विनंती झाली, ती पाळणं त्यांच्या हातात. ‘बाबा, या आवाजात बोलणार असाल तर मी फोन ठेवते, उद्या करते’ ही मर्यादा. ती एकदा सांगायची, आणि आवाज चढला की खरंच फोन ठेवायचा. पहिले काही आठवडे त्रास वाढतो. आधी ओरडल्यावर काम व्हायचं, आता होत नाही म्हणून ओरडणं जास्त होतं. मग आत्याचा फोन येतो: ‘बापाचं वय झालंय गं, किती दिवस धरून बसणार?’ आत्याला सगळा इतिहास ऐकवायच्या फंदात पडू नका. ‘आत्या, तुझं म्हणणं कळलं. यावर मी बोलणार नाही. तुझे गुडघे कसे आहेत?’ तीच वाक्यं, त्याच स्वरात, दहाव्या वेळीही. एकदा जरी दमून माघार घेतली तरी समोरच्याला कळतं की इतकं ताणलं की सुटतं.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जायचं असेल तर बेत लिहून काढा. जाण्याआधीच परतीचं तिकीट काढलेलं असावं आणि तारीख सगळ्यांना सांगितलेली असावी. मुक्काम जास्तीत जास्त दोन रात्री, शक्य तर मावशीकडे किंवा लॉजवर. गाडी स्वतःची किंवा रिक्षावाल्याचा नंबर जवळ. नवरा-बायकोत एक खुणेचं वाक्य ठरवा, ‘अरे, गोळी घ्यायची राहिली’ म्हटलं की दोघं उठून बाहेर. आरतीनंतर पुरुष मंडळी बसतात आणि बाटली निघते, ती वेळ तुम्हाला माहीत असते. तेव्हा मुलांना घेऊन बाहेर पडलेलं असावं. आजोबांकडे मुलं एकटी सोडायची नाहीत, ही गोष्ट चर्चेला घेऊच नका. परतल्यावर एक दिवस रजा ठेवा, अंग तेव्हा ढासळतं.

संबंध पूर्ण तोडणं हाही रास्त पर्याय आहे. त्याआधी एक माहिती असावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे स्वतःचं भागवू न शकणारे आईवडील प्रौढ मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात, त्यासाठी बोलणं सुरू असावं लागत नाही. दरमहा ठरावीक रक्कम बँकेतून पाठवून भेटी बंद ठेवणारे बरेच जण आहेत. पैशाची जबाबदारी आणि जवळीक या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. आणि माफीबद्दल एवढंच: ती केल्याशिवाय बरं होता येत नाही हे खरं नाही. कुणाला ती पाच वर्षांनी आपसूक येते, कुणाला येत नाही, आणि दोघांनाही झोप लागू शकते.

स्वतःची मुलं

‘मी बापासारखा होईन का’ ही भीती ज्याला वाटते, तो निम्मं काम आधीच करत असतो. तरी दमलेल्या संध्याकाळी तोंडून तेच शब्द निघतात. तेव्हा करायचं ते असं. आवाज चढला की दोन पावलं मागे, हात पाठीमागे, ‘मी आता चिडलोय, पाच मिनिटांनी येतो’ असं सांगून खोलीबाहेर. पाच म्हटलं तर पाचव्या मिनिटाला परत या, नाहीतर मुलाला ते टाकून जाणंच वाटतं. परतल्यावर त्याच्या उंचीला बसा. ‘मी ओरडलो. ते चुकलं. तुला भीती वाटली असेल. ओरडणं तुझ्यामुळे नव्हतं, राग आवरणं माझं काम आहे.’ यात ‘पण तूही’ घालू नका. गृहपाठाचा किंवा सांडलेल्या दुधाचा विषय अर्ध्या तासाने वेगळा काढा. मूल लगेच जवळ येईलच असं नाही. ते येईपर्यंत खोलीत तिथेच, मोबाईल न घेता, बसून राहा.